निंबा नानांची पंचेचाळिशी

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगणात तुळस आहे, कुणाच्या अंगणात मोगरा आहे आणि निंबा नानांच्या अंगणात एक पांढरी पेटी आहे. चार लाकडी पायांवर उभी, माणसाच्या खांद्याइतकी उंच, चारी बाजूंनी खिडकीच्या झडपांसारख्या पट्ट्या. अकरा वर्षांपूर्वी सुतारानं ती आणून उभी केली तेव्हा मी कुंपणापलीकडून विचारलं होतं, "नाना, कबुतरं पाळताय का?" मी समोरच्या घरची सून, शाळेत शिक्षिका, म्हणजे विचारण्याचा हक्क आहे असं मला वाटत होतं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे आठ दिवस मी त्यांच्या घरी विरजण मागायला गेले नाही.

पेटीत तापमापक आहे. नानांनी एकतीस वर्षं एका शेतीफार्मवरच्या हवामान केंद्रात नोंदी घेण्याची नोकरी केली. सकाळी सात आणि दुपारी दोन. सण असो, ताप असो, घरात पाहुणे असोत, सात म्हणजे सात आणि दोन म्हणजे दोन. निवृत्त झाले तेव्हा लोक सोन्याची अंगठी नाहीतर चारधाम मागतात. यांनी घरी तशीच एक पेटी बनवून घेतली. तिचं दार उत्तरेला. का? तर दार उघडलं तरी पाऱ्यावर ऊन पडता कामा नये. आकडा वाचताना नाना श्वास रोखतात, कारण पाऱ्यावर श्वासही पडता कामा नये. सत्तरीच्या माणसानं दिवसातून दोनदा श्वास रोखून उभं राहणं बरं नाही, असं मी एकदा म्हणाले. विरजण पुन्हा आठ दिवस बंद.

पण माणूस खरा. गल्लीतल्या कुणी मोबाइल दाखवून म्हटलं, "नाना, यात चव्वेचाळीस दाखवतंय," की नाना शांतपणे म्हणतात, "त्याच्या गावात असेल." आणि आपली नोंदवही उघडतात. त्रेचाळीस पॉइंट चार. त्यावर अपील नाही.

जळगावच्या माणसाला उन्हाचा अभिमान असतो हे आधी सांगायला हवं. पुण्याची माझी नणंद फोनवर "अगं, एकोणचाळीस!" म्हणून रडते तेव्हा आम्ही तिला धीर देतो आणि फोन ठेवल्यावर हसतो. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. डोक्याला उपरणं, खिशात कांदा. असल्या उन्हात आमच्या गल्लीनं एक सण काढला. कॅलेंडरात तो शोधू नका. त्याचं नाव पंचेचाळिशी.

तो कसा सुरू झाला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नानांच्या निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा. पेटी नवी, नाना नव्या नवरदेवासारखे तिच्याभोवती फिरत होते. मेमधल्या एका दुपारी पारा पंचेचाळीस पॉइंट दोनवर गेला. नाना आनंदानं ओरडत घरात शिरले, "कोकिळा, पंचेचाळीस लागलं वं!" आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. कोकिळा अक्का, म्हणजे त्यांची बायको, गॅसच्या ओट्यापाशी फरशीवर पडली होती. हातात उलथणं तसंच. तव्यावर भाकरी जळत होती.

आम्ही चौघीपाचजणींनी अक्कांना खाटेवर घालून बाहेर आणलं, डोक्यावर पाणी मारलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तासाभरानं त्या उठून बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "गॅस बंद करा का कोनी?" नाना तेव्हा पायरीवर बसून रडत होते. मी त्यांना त्याआधीही रडताना पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी गल्लीतले पुरुष अंगणात बोलावले. पेटीकडे बोट केलं आणि नियम सांगितला. पेटीत पंचेचाळीस लागेल त्या दिवशी गल्लीत एकही बाई गॅस पेटवणार नाही. स्वयंपाक पुरुष करतील. अक्कांना खाटेवरून नेताना सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. फक्त माझ्या नवऱ्यानं, भूपेंद्रनं, घासाघीस केली. तो पाइपच्या कंपनीत खरेदी बघतो, घासाघीस त्याच्या रक्तात आहे. "नाना, वर्षातून एकदाच. पहिल्यांदा लागेल त्या दिवशी." नानांनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

तेव्हापासून दरवर्षी नाना दुपारी दोन वाजता पेटी उघडतात, आणि पंचेचाळीस दिसलं की घरातली पितळी परात आणि बत्ता घेऊन गल्लीभर वाजवत फिरतात. गल्लीतल्या बाया त्या क्षणी हातातलं काम टाकतात. अर्धवट निवडलेली मेथी तशीच सोडून उठण्यात जो आनंद आहे तो लिहून सांगता येत नाही. संध्याकाळी नानांच्या अंगणात विटांची चूल लागते आणि पुरुष वरण-बट्टी करतात, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. बाया ओट्यावर पाय लांब करून बसतात. नियम असा, की बाईनं सूचना करायची नाही. "मीठ घातलं का?" एवढं जरी तोंडातून निघालं तरी तिनं उभं राहून आखाजीचं, म्हणजे अक्षय्यतृतीयेला झोक्यावर म्हणतात त्यातलं, एक गाणं म्हणायचं. पहिल्या वर्षी वरण इतकं पातळ झालं होतं, की नऊ गाणी झाली. आणि पंगत बायांची आधी. पुरुष वाढतात, आग्रह करतात, उष्टी ताटं उचलतात. माझा नवरा वरातीत नाचल्यासारखा बट्ट्यांवर तूप ओतत फिरतो. एक दिवस. पण आम्ही तो एप्रिलपासून मोजतो.

आमच्याहून जास्त तो मोजतात तानुमावशी. त्या अक्कांच्या धाकट्या बहीण, सोनगीरच्या. नवरा लवकर गेला, मुलं सुरतेला. दोन एकर कोरडवाहू शेत त्या एकट्या ओढतात. आखाजी संपली, की त्या हातात पिशवी घेऊन एसटीनं येतात आणि पंचेचाळिशी होईपर्यंत राहतात. कधी दोन दिवस, कधी दहा. दोनदा तर त्या उतरल्या त्याच दुपारी परात वाजली.

यंदा मात्र आकाशाचं डोकं फिरलं. एप्रिलच्या शेवटी पारा एकदा बेचाळीसवर गेला, तेवढंच. मग मे महिन्यात ढग आले. दुपारी चारला अंधारून यायचं, वारा सुटायचा, गारा पडायच्या. जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यात मे महिन्यात मी डबक्यात बेडूक ओरडताना ऐकले. आमच्या कुरडया गच्चीवर तीनदा भिजल्या आणि चौथ्यांदा त्यांना बुरशी आली. कूलर बंद करून लोक पहाटे गोधडी ओढू लागले. सदतीस. छत्तीस पॉइंट आठ. सदतीस पॉइंट एक. नाना रोज दोन वाजता पेटी उघडत, श्वास रोखत, आणि चेहरा पाडून दार लावत.

पुरुष खूश होते. उघड बोलायची सोय नव्हती, पण भूपेंद्र दाढी करताना शीळ घालू लागला होता. "यंदा निसर्गानंच सुट्टी दिली," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुला दिली. मला कुठे दिली?" तो शीळ घालायचा थांबला, पण पटलं म्हणून नव्हे.

तानुमावशी तेराव्या दिवशीही तिथेच होत्या. येताना त्यांनी पिशवीतून नवं लुगडं आणलं होतं, पंगतीसाठी. ते घडीचं घडीतच होतं. बायांनी मला पुढं घातलं आणि आम्ही चौघी नानांकडे गेलो. मी शाळेतल्या बाईंना शोभेल अशा शांत आवाजात म्हटलं, "नाना, यंदा अपवाद म्हणून परात वाजवा की. ऊन नाही, त्याला बाया काय करणार?"

नानांनी नोंदवही पुढं सरकवली. "नूतन, हे बघ. छत्तीस पॉइंट नऊ."

"दिसतंय मला."

"मग पंचेचाळीस कसं म्हणू? एकतीस वर्षं साहेबांनी सांगितलं, पुढाऱ्यांनी सांगितलं, एक पॉइंट इकडचा तिकडे केला नाही. जे नाही ते मी लिहीत नाही."

हे खरं होतं, म्हणून जास्त राग आला. चार वर्षांपूर्वी पारा सलग चार दिवस चव्वेचाळीस पॉइंट आठवर अडून बसला होता. आम्ही हातापाया पडलो. "पॉइंट दोननं काय होतंय नाना?" तर म्हणाले, "पॉइंट दोननंच सगळं होतं." पाचव्या दिवशी लागलं तेव्हा वाजवली. असल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो. मी तरी भांडले. घरी आल्यावर विरजणाचं भांडं उघडून पाहिलं, आठ दिवस पुरेल एवढं होतं.

त्या संध्याकाळी सोनगीरहून फोन आला. तिकडे पाऊस चांगला झाला, ओल उतरली, शेजारच्यांनी नांगर धरला. तानुमावशींना शेताकडे जाणं भाग होतं. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघायचं ठरलं. नाना ओट्यावर बसले होते. त्यांच्याकडे न बघता मावशी म्हणाल्या, "दाजी, माले काही बट्टीनी भूक नई शे. पन वरीसमा एक दिन कोनी तरी इचारस, 'तानु, आखो वाढू का?' ते ऐकाले मी येस. घर एकली ऱ्हास ना मी. मीच रांधस, मीच वाढस."

नाना उठून पेटीपाशी गेले, दार उघडलं, बंद केलं. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि आत गेल्या. अक्कांचा स्वभाव असा, की त्या बोलत नाहीत तेव्हा काहीतरी ठरवत असतात. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली तरी हे नानांच्या लक्षात आलेलं नाही.

गुरुवारी साडेबाराला मी मावशींसाठी लोणच्याची बरणी घेऊन गेले. बाहेर ढग होते, उकडत होतं, पण ऊन नावाला नव्हतं. नाना ओट्यावर पेपर वाचत होते. आतून अक्कांची हाक आली.

"अहो, ते कपाटमातलं दुसरं यंत्र आना बरं आठे."

नानांकडे एक जादा तापमापक आहे, डबीत कापसात गुंडाळलेला. पेटीतला कधी दगावला तर म्हणून. त्यांनी तो आणला आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. मी त्यांच्या मागे. ते स्वयंपाकघर घराच्या मागच्या बाजूला वाढवून घेतलेलं आहे, वर पत्रा. खिडकी एक, तीही भिंतीकडे तोंड करून. पंखा आहे, पण बंद. भाकरी करताना पंखा लावला की गॅसची ज्योत पळते, हे कुठल्याही बाईला माहीत आहे. अक्का तव्यासमोर उभ्या होत्या. परातीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ, शेजारी अजून बारा भाकरींचे गोळे. दोन घरच्या, आणि बाकीच्या मावशींना एसटीत आणि उद्या शेतावर.

"कसाले पायजे?" नानांनी विचारलं.

"मोजाले. आठे टांगा." अक्कांनी कोपरानं भिंतीतला खिळा दाखवला. त्यांच्या खांद्याइतक्या उंचीवर होता. गाळणी टांगायचा.

"हे काय मोजायचं ठिकाण आहे का?"

"का बरं? तुम्हीच सांगतस ना, सावलीमा मोजनं पडस. आठे ऊन शे का? खांद्याइतलं उच्च पायजे. शे. अंगवर वारा नई पायजे. कोठे शे वारा?" त्यांनी भाकरी उलटली. "तुम्हना एक बी नियम मी मोडत नई. तुम्हना हातनी नोंद पायजे माले, बस."

नाना अडकले. नियम त्यांचेच होते. त्यांनी तापमापक खिळ्याला लावला आणि बाहेर निघाले.

"कोठे चालनात? दहा मिंट थांबाशिवाय आकडा बसत नई, तुम्हीच सांगतस. उभा ऱ्हा आठे."

मग नाना उभे राहिले. मीही दारात उभी राहिले, आणि मावशी माझ्या पाठीशी. अक्का भाकऱ्या थापत होत्या. एक तव्यावर, एक आचेवर, एक हातात. दुसऱ्या मिनिटाला नानांनी कपाळ पुसलं. चौथ्याला टोपी काढली. सहाव्याला त्यांचा सदरा पाठीला चिकटला. त्यांनी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, अक्कांनी नुसतं ज्योतीकडे पाहिलं, त्यांनी हात खाली घेतला. सातव्या मिनिटाला ते म्हणाले, "थोडं पाणी."

"माठ तठे शे. पन आकडा चुकी जाई," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज रोजचाच होता. तोच मला सहन झाला नाही.

दहा मिनिटं झाली. नानांनी चष्मा पुसला, पुढं वाकले, सवयीनं श्वास रोखला. वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे पाऱ्याच्या पातळीत आणण्यासाठी गुडघे वाकवून तिसऱ्यांदा वाचलं.

"सेहेचाळीस पॉइंट दोन," ते म्हणाले.

अक्कांनी भाकरी टोपल्यात टाकली.

"रोज इतलं ऱ्हास?" नानांनी विचारलं.

"रोज. आज ढग शेतस म्हनीसन बरं शे."

नाना तिथंच उभे होते. मी त्यांचं तोंड पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी पायरीवर बसले होते तेव्हा जसं होतं तसंच. "त्या दिवशी..." ते म्हणाले, आणि थांबले. मला कळलं ते काय मोजत होते. बाहेर पेटीत पंचेचाळीस पॉइंट दोन होतं तेव्हा आत किती असेल.

त्यांनी पुढं होऊन गॅस बंद केला. तवा तसाच, गोळे तसेच. मग पिठाची परात रिकामी केली, बत्ता उचलला, आणि दुपारी एक वाजता, ढगाळ आकाशाखाली, टोपी न घालता निंबा नाना परात वाजवत गल्लीत निघाले. परातीला लागलेलं कळण्याचं पीठ प्रत्येक ठोक्याला उडत होतं.

पुरुष बाहेर आले. तो दिवस गावातल्या कुठल्याशा जयंतीच्या सुट्टीचा होता, त्यामुळे भूपेंद्रही घरी होता. बनियनवर धावत आला. "नाना, डोकं ठिकाणावर आहे ना? बाहेर छत्तीस आहे!"

"बाहेर कोन भाकरी करस रे?" नाना म्हणाले. ते बाहेरच्या माणसाशी सहसा अहिराणी बोलत नाहीत. "सेहेचाळीस पॉइंट दोन. मन्हा हातनी नोंद शे. कोनले शंका व्हयी, त्यानी आत जाईसन दहा मिंट उभं ऱ्हावानं."

भूपेंद्र गेला. खरंच गेला, अक्कांच्या स्वयंपाकघरात, स्वतःच पुन्हा पेटवलेल्या गॅससमोर. मी घड्याळ धरलं. पाच मिनिटांत बाहेर आला आणि थेट विटा आणायला गेला. त्या दिवसापासून त्यानं शीळ घालायचं सोडलंय असं नाही. पण दाढीआधी तो आता पोळ्यांची कणीक मळतो, फार घट्ट मळतो, आणि मी सूचना करत नाही.

संध्याकाळी अंगणात बट्ट्या झाल्या. मधेच पावसाची सर आली, चार पुरुषांनी ताडपत्री चुलीवर धरली आणि पाचव्यानं वरण ढवळलं. उन्हाचा सण पावसात करणारी आमची गल्ली बहुधा पहिलीच. तानुमावशींनी नवं लुगडं नेसलं. नानांनी त्यांच्या पानात तूप वाढलं, वाकून विचारलं, "तानु, आखो वाढू का?" मावशी नको म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. मावशींनी पुन्हा नको म्हटलं, आणि हसत पदरानं डोळे पुसले, कारण तिसऱ्यांदाही ते विचारणार हे त्यांना दिसत होतं. तेवढ्यात अक्का मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "वरनमा मीठ कमी शे." मग नियमाप्रमाणे उभ्या राहिल्या आणि झोक्याचं गाणं म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून ठणठणीत आहे. मीठ बरोबर होतं.

शुक्रवारी सकाळी मावशी एसटीनं गेल्या. दुपारी मी माझं पातेलं आणायला नानांकडे गेले. पेटी अंगणात होती तशीच. ओट्यावर अक्का खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, हातात पंखा, काम काही नाही. आतून जळल्याचा वास येत होता. मी काही विचारण्याआधी त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

खाटेशेजारी नोंदवह्यांचा गठ्ठा होता, अकरा वर्षांचा. वरची उघडी होती. पानावर नानांच्या ताठ अक्षरात तारीख, वेळ, अंगण, आणि आकडे. कडेला नव्यानं ओढलेली लाल रेघ, म्हणजे एक नवा रकाना. वर लिहिलं होतं, 'स्वयंपाकघर'. खाली प्रत्येक तारखेसमोर एकेक करून, कुठेही 'वरीलप्रमाणे'ची खूण न करता, पूर्ण शब्दांत लिहिलं होतं : 'नोंद घेतली नाही.' मी पानं उलटली. तिसऱ्या वर्षाच्या जूनपर्यंत ते पोचले होते.

"सकायपासून लिखी ऱ्हायनात," अक्का हळूच म्हणाल्या. "मी सांगं, जाऊ द्या. तर म्हनतस, जे घेतं नई ते घेतं नई असं लिखनं पडस."

आतून तव्याचा खणकन आवाज आला. मग नानांचा, धापा टाकत, पण नोंद सांगतानाचा तो स्वच्छ सरकारी आवाज :

"त्रेचाळीस पॉइंट सहा!"

अक्कांनी उशाची पेन्सिल उचलली, यंदाची वही मांडीवर घेतली आणि आजच्या तारखेसमोर लाल रेघेपलीकडे आकडा लिहिला.